‘टाइम मशीन’ लिहिणाऱ्या वेल्सनं खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम लिहिले, त्यातूनच आजचं मिनिएचर गेमिंग वाढलं

रील्स बघता बघता कधीतरी तुमच्यासमोर असा एखादा व्हिडिओ आला असेल. टेबलावर पडक्या इमारती मांडलेल्या असतात. त्यांच्या आडोशाला बोटभर उंचीचे, बारीक ब्रशने रंगवलेले सैनिक उभे असतात. आणि दोन चांगली मोठी माणसं हातात मेजरिंग टेप घेऊन, आपला सैनिक समोरच्यापर्यंत पोहोचतो की नाही यावर हमरीतुमरीवर आलेली असतात.

या प्रकाराला मिनिएचर स्कर्मिश गेम म्हणतात. स्कर्मिश म्हणजे छोटी चकमक. दोन्ही बाजूंना हजारोंची फौज नसते, पाच-दहा जणांची टोळी असते. बुद्धिबळासारखे चौकोन नसतात, टेपने अंतर मोजून चाल करायची. प्रत्येक सैनिक वेगळा चालतो, वेगळा लढतो आणि वेगळा मरतो. वॉरहॅमरचं ‘किल टीम’ किंवा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ ही त्यातली गाजलेली नावं.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं हल्लीच्या गेमिंगच्या जमान्यातलं फॅड असणार. तर तसं नाही. या छंदाचं मूळ शोधत मागं गेलं की आपण १९१३ सालात पोहोचतो, आणि तिथं जमिनीवर रांगणारा एक जगप्रसिद्ध लेखक सापडतो. ज्यानं टाइम मशीन लिहिलं, अदृश्य माणूस लिहिला, मंगळावरून येणारे हल्लेखोर लिहिले, तो एच. जी. वेल्स.

गंमत म्हणजे हा गडी युद्धाचा कट्टर विरोधक होता. मग त्यानं युद्धाचा खेळ का बनवला? त्यासाठी त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

क्रिकेटर बापाचा, पाय मोडलेला पोरगा

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावातला. घरात त्याला बर्टी म्हणायचे. वडील जोसेफ वेल्स चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकायचं दुकान चालवायचे. दुकान काही नीट चालायचं नाही. पण जोसेफरावांच्या नावावर एक भारी विक्रम आहे. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार विकेट घेतल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असं करणारे ते पहिले.

बर्टी सात वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला. एका ओळखीच्या माणसानं त्याला लाडानं वर उडवलं आणि झेल सुटला. कित्येक आठवडे पोरगं अंथरुणावर. वडील वाचनालयातून पुस्तकं आणून देऊ लागले आणि त्याला वाचनाचं वेड लागलं. पुढं वेल्स स्वतःच सांगायचा की पाय मोडला नसता तर आपण दुकानात राबत संपून गेलो असतो.

दुसरं वेड युद्धाचं होतं. शाळकरी बर्टी ब्रॉम्लीच्या आसपास फिरताना मनात लढाया लढायचा. समोरची टेकडी म्हणजे शत्रूचं ठाणं, झाडांची रांग म्हणजे आपलं घोडदळ, आणि सेनापती अर्थातच स्वतः. बाहेरून बघणाऱ्याला एक किडकिडीत पोरगा फिरायला चाललेला दिसायचा, आत मात्र साम्राज्यं पडत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१८७७ मध्ये वडिलांची मांडी मोडली आणि क्रिकेट संपलं. घरचे हाल सुरू झाले. आई सारा अपपार्क नावाच्या एका जमीनदारी वाड्यात हाउसकीपर म्हणून कामाला लागली. बर्टीला साउथसीच्या एका कापडाच्या दुकानात उमेदवारीला ठेवलं. दिवसाचे तेरा-तेरा तास काम, दुकानाच्याच जागेत झोपायचं. शेवटी एका रविवारी तो सुमारे १७ मैल चालत आईकडं गेला आणि आपण हे काम करणार नाही म्हणून सांगून टाकलं.

तिथून तो मिडहर्स्टच्या शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाला, परीक्षांमध्ये चमकला आणि शिष्यवृत्तीवर लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात गेला. तिथं त्याला जीवशास्त्र शिकवायला होते टी. एच. हक्सली, डार्विनचे सगळ्यात मोठे पाठीराखे. माणूस प्राण्यांतूनच आलाय आणि त्याच्या आतला प्राणी कुठं गेलेला नाही, हा धडा वेल्सनं तिथं घेतला.

१८८७ मध्ये शिक्षकाची नोकरी करताना फुटबॉलच्या मैदानावर त्याच्या मूत्रपिंडाला जबर मार बसला. त्यातून पुढं अनेक वर्षं आजारपण मागं लागलं. शिकवणं झेपेना, म्हणून तो लिखाणाकडं वळला. मग जे झालं ते आपल्याला माहीत आहे. १८९५ ला ‘द टाइम मशीन’, १८९७ ला ‘द इनव्हिजिबल मॅन’, १८९८ ला ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. चार-पाच वर्षांत कापड दुकानातला पोरगा जगभर वाचला जाऊ लागला.

जेवण झालं आणि तोफ सुटली

पैसा आला तसं वेल्सनं सँडगेटला समुद्राकाठी घर बांधलं, स्पेड हाउस. पत्नी एमी कॅथरीन, जिला तो जेन म्हणायचा, आणि दोन मुलं. जॉर्ज फिलिप १९०१ चा, फ्रँक १९०३ चा. आता घरात पोरं म्हटल्यावर खेळणी आलीच, आणि त्या काळात इंग्लंडमधल्या पोरांचं लाडकं खेळणं होतं शिशाचे सैनिक.

या सैनिकांमागंही एक कहाणी आहे. आधी चांगले सैनिक जर्मनीहून यायचे. ते भरीव शिशाचे, त्यामुळं जड आणि महाग. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीनं आतून पोकळ सैनिक ओतायची पद्धत काढली. धातू कमी, म्हणून किंमत कमी. साधारण ५४ मिलिमीटर उंचीचे हे सैनिक मध्यमवर्गीय घरांत पेटीच्या पेटीनं जाऊ लागले. त्याच कंपनीनं स्प्रिंगवर चालणारी एक छोटी तोफही आणली. ती इंचभर लांबीचा लाकडी तुकडा उडवायची. वेल्सच्या मते हातात कसब असेल तर नऊ यार्डांवरून दहापैकी नऊ वेळा सैनिक पडायचा.

एके दिवशी वेल्सकडं एक मित्र जेवायला आला होता. वेल्सनं त्याची फक्त जे. के. जे. ही आद्याक्षरं दिली आहेत. हा ‘थ्री मेन इन अ बोट’ लिहिणारा जेरोम के. जेरोम असावा, असं मानलं जातं. जेवणाच्या खोलीत पोरांची खेळणी पसरलेली. जेवण झाल्यावर पाहुण्यानं तोफ उचलली, सैनिकावर नेम धरला आणि तो पाडला. यजमानानं आव्हान स्वीकारलं. बघता बघता दोन नामवंत लेखक पोरांची खेळणी ताब्यात घेऊन एकमेकांवर गोळीबार करू लागले.

इतपत मजा कोणीही करतं. वेल्सचं डोकं मात्र तिथं थांबलं नाही. नुसती नेमबाजी झाली, आता यात हालचाल आणली तर? मग दुसऱ्या एका मित्राबरोबर एन्सायक्लोपीडियाचे जाडजूड खंड रचून टेकड्या आणि घरं झाली. बोअर युद्धावरून ताजा परतलेला एक कॅप्टनही या उद्योगात सामील झाला. मोठ्यांची ही मंडळी तासन्‌तास जमिनीवर पालथी पडून नियमांवर खल करू लागली.

नियम कसे घडले?

आज कोणताही स्कर्मिश गेम उघडलात तर सुरुवातीला हेच प्रश्न असतात: किती चालायचं, कसं मारायचं, जवळ आल्यावर काय करायचं, जिंकलं कोण. वेल्सला प्रत्येकाचं उत्तर खेळता खेळता, अडचण आली तसं शोधावं लागलं.

पहिली अडचण अंतराची होती. तोडगा म्हणून दोन फुटांची दोरी आली. पायदळ एका वेळी एक फूट चालणार, घोडदळ दोन फूट. आजच्या मेजरिंग टेपची ही पणजी.

दुसरी अडचण वेळेची. काही खेळाडू एकेका चालीवर अर्धा तास विचार करत बसायचे. मग घड्याळ लावलं. तीस सैनिकांमागं एक मिनिट, प्रत्येक तोफेमागं एक मिनिट. म्हणजे ११० माणसं आणि तीन तोफा असतील तर सगळी चाल सात मिनिटांत उरकायची. त्यामुळं झालं असं की गडबड सुरू झाली. कुठली तरी तुकडी हलवायची राहून जायची, कुठं तोफ उघडी पडायची. वेल्सला हेच हवं होतं. खऱ्या लढाईतही सेनापतीला निवांत वेळ कुठं मिळतो?

तिसरी अडचण तोफांची. तोफा एवढ्या भारी ठरायच्या की बाकी कोणी पुढंच सरकेना. मग नियम आला: तोफेच्या सहा इंचांच्या आत आपले किमान चार सैनिक असतील तरच ती चालेल. तोफ हलवली तर त्या चालीत ती डागता येणार नाही. आता तोफ बंद पाडायची तर तिच्या आसपासची माणसं टिपली तरी पुरे. एका साध्या नियमानं सगळा खेळ पालटला.

चौथी अडचण हातघाईची. सैनिक भिडले की साधारण एकास एक मरायचे. पण एखादी तुकडी आपल्या लोकांपासून तुटून वेढ्यात सापडली तर तिच्यातले काही कैदी व्हायचे. त्या कैद्यांना मागं न्यायला जिंकणाऱ्याची माणसंही गुंतून पडायची.

आणि सगळ्यात हुशार नियम होता मैदान मांडण्याचा. एका खेळाडूनं घरं, झाडं, नदी मांडायची. कोणत्या बाजूनं खेळायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं. म्हणजे आपल्या सोयीचं मैदान मांडून फायदाच नाही. मग मधोमध पडदा धरून दोघांनी आपापली फौज लपवून लावायची. पडदा बाजूला झाला की लढाई सुरू.

झाडं म्हणजे लाकडात खोचलेल्या डहाळ्या, नदी म्हणजे खडूची रेघ, घरं म्हणजे ठोकळे आणि पुठ्ठा. दिवाळीत किल्ला करताना घरात सापडेल ते वापरणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल.

याआधी असे खेळ नव्हतेच असं नाही. प्रशियाच्या सैन्यात ‘क्रीगस्पील’ नावाचा युद्धखेळ १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवला जायचा. पण तो नकाशावरचा, पंचाच्या देखरेखीखालचा आणि डोक्याला ताप देणारा. ‘ट्रेझर आयलंड’वाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनही आपल्या सावत्र मुलाबरोबर सैनिकांच्या लढाया खेळायचा. पण दुकानात जाऊन पुस्तक विकत घ्यावं, घरातली खेळणी काढावीत आणि संध्याकाळी लढाई सुरू करावी, ही सोय सामान्य माणसाला करून दिली ती वेल्सनं.

१९११ मध्ये त्यानं ‘फ्लोअर गेम्स’ हे मुलांच्या जमिनीवरच्या खेळांचं पुस्तक काढलं आणि १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’. उपशीर्षकात त्यानं १२ ते १५० वर्षं वयाच्या मुलांना आमंत्रण दिलं होतं. मुलींपैकी मात्र मुलांचे खेळ आवडणाऱ्या जास्त हुशार मुलींनाच. ही त्या काळाची खोट, वेल्सही तिच्यातून सुटला नाही.

खेळाच्या पुस्तकात लपलेला युद्धविरोध

‘लिटल वॉर्स’ बहुतेक सगळं मिश्किल आहे. पण शेवटाकडं सूर बदलतो. वेल्स म्हणतो की या छोट्या युद्धात डावपेच आहेत, थरार आहे, जिंकण्याचा आनंद आहे. नाहीत ती फक्त फाटलेली शरीरं, जळलेली गावं आणि रडणाऱ्या आया. ज्यांना युद्धाची एवढी खुमखुमी आहे त्या राजांना आणि सेनापतींना एका मोठ्या खोलीत कोंडून असे सैनिक द्यावेत, आणि बाकीच्यांना सुखानं जगू द्यावं, अशी त्याची सूचना होती.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार होता. हा खेळ तीन-चार वेळा खेळून बघा. शिशाची शंभर माणसं सांभाळताना आपला एवढा गोंधळ उडतो, तर लाखो जिवंत माणसांच्या युद्धात काय होत असेल? फार थोड्यांना ते पेलण्याइतकी अक्कल असते, हे वेल्सला खेळातूनच पटलं होतं.

इथं तो टेकड्यांवर लढाया रंगवणारा बर्टी आठवा. पुढं १९३४ च्या आत्मचरित्रात वेल्सनं कबूल केलं की तेराव्या वर्षी आपल्या डोक्यात जे चालायचं, तेच हिटलरच्या डोक्यात मोठेपणीही चालू आहे. युद्ध फक्त दुष्ट लोकांना आवडतं, असं तो मानत नव्हता. ती ओढ त्याला स्वतःच्या आत दिसली होती. तिला उपदेश करून उपयोग नाही, तिला खेळायला जागा दिली पाहिजे, हा ‘लिटल वॉर्स’मागचा डाव होता.

डाव फसला. पुस्तक आल्यावर वर्षभरातच, ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच दिवशी वेल्सला तरुण लेखिका रेबेका वेस्टपासून मुलगा झाला. वेल्सची विवाहबाह्य प्रकरणं त्या काळी गाजली होती, आणि घर सांभाळत त्याची हस्तलिखितं टाइप करणाऱ्या जेननं त्यांची झळ सोसली.

युद्धात तर वेल्सनंही घूमजाव केलं. जर्मन लष्करशाही मोडली की युद्धंच संपतील असं त्यानं हिरीरीनं लिहिलं. युद्ध संपवणारं युद्ध ही कल्पना लोकांच्या तोंडी बसली ती त्याच्याच पुस्तकाच्या नावातून. १९१८ मध्ये तो काही काळ सरकारच्या प्रचार खात्यातही होता. लाखो पोरं खंदकांत मेली, आणि युद्ध काही संपली नाहीत. त्याच्या त्या शब्दांची पुढं टिंगल होत राहिली.

दुसरीकडं त्यानं कथेत रंगवलेली हत्यारं एकेक करून खरी होत होती. १९०३ च्या एका कथेत त्यानं खंदक ओलांडणारी चिलखती वाहनं दाखवली होती. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत रणगाडे उतरले. १९०८ च्या कादंबरीत शहरांवर आकाशातून हल्ले होते, तेही झाले. १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’मध्ये त्यानं अणुबाँबला अणुबाँब हेच नाव दिलं होतं. ती कादंबरी १९३२ मध्ये लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञानं वाचली, आणि पुढच्याच वर्षी त्याला अणू साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली.

उरलेलं आयुष्य वेल्स जागतिक सरकार, जगाचा समाईक इतिहास, माणसाचे हक्क यांवर लिहीत राहिला. १९३३ मध्ये नाझींनी त्याची पुस्तकं जाळली. इंग्लंड जिंकल्यावर कोणाला पकडायचं याची जी यादी त्यांनी केली होती, तिच्यातही त्याचं नाव होतं. लंडनवर बाँब पडत असतानाही त्यानं आपलं घर सोडलं नाही. १३ ऑगस्ट १९४६ ला, हिरोशिमानंतर जेमतेम वर्षभरानं, तो गेला.

खेळ मात्र जगला

युद्धं थांबवायला ‘लिटल वॉर्स’चा उपयोग झाला नाही. पण पुस्तक हातोहात फिरत राहिलं. १९५६ च्या एका ब्रिटिश न्यूजरीलमध्ये अभिनेता पीटर कुशिंग, म्हणजे पुढं ‘स्टार वॉर्स’मध्ये ग्रँड मॉफ टार्किन झालेला, वेल्सच्या नियमांनी खेळताना दिसतो. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोननं ‘वॉर गेम्स’ लिहून ब्रिटनमध्ये या छंदाला नवी पिढी दिली. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ काढलं. त्यात एक बाहुली म्हणजे एक माणूस अशी लढायची सोय होती. त्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. पुढं ‘लिटल वॉर्स’ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिला प्रस्तावना याच गायगॅक्सची होती. १९८३ मध्ये वॉरहॅमर आलं आणि बोटभर सैनिकांचा मोठा उद्योग झाला.

‘फ्लोअर गेम्स’चा प्रवास तर आणखी वेगळा. लंडनच्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांना त्या पुस्तकावरून मुलांवरच्या मानसोपचाराची पद्धत सुचली. बोलता न येणारं दुःख मुलं वाळूच्या ट्रेमध्ये छोटं जग मांडून दाखवू लागली. आजची सँडप्ले थेरपी तिथूनच वाढली.

आता हे वाचून खेळायची इच्छा झाली असेल तर सुरुवातीलाच हजारोंचे सेट मागवू नका. वेल्सनं आधी घरात होतं तेच वापरलं. तुम्हीही दोन्हीकडं पाच-पाच सैनिक घ्या. प्लास्टिकचे चालतील, कागदाचे कापून उभे केले तरी चालतील. तीन फूट बाय तीन फूट जागा, टेकड्यांसाठी जुनी पुस्तकं, घरांसाठी खोके, एक टेप आणि दोन-चार फासे. तोफेऐवजी आज नेम लागला की नाही ते फासे ठरवतात. इंटरनेटवर दोन-चार पानांचे मोफत नियम मिळतात. आधी दोन लढाया खेळा, मग कुठला गेम घ्यायचा आणि सैनिक कसे रंगवायचे ते ठरवा.

मैदान एकानं मांडायचं आणि बाजू दुसऱ्यानं निवडायची, हा वेल्सचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. आणि चालीला घड्याळ लावा. तिसऱ्या मिनिटाला आपली कुठली तरी तुकडी हलवायची राहून गेली हे लक्षात येईल, तेव्हा वेल्सला काय सांगायचं होतं तेही कळेल.